‘जरा बघून घ्या’ म्हणजे नक्की काय करायचं?

ऑटिझम आणि नोकरी या विषयावर वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी सात इथे घेतले आहेत. पाठवणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत. ‘स्वमग्नता’ हा शब्द सर्वांच्या ओळखीचा असला, तरी त्यातून माणूस स्वतःतच बुडालेला आहे असं चित्र उभं राहतं, आणि ते बहुतेकांना लागू पडत नाही. म्हणून उत्तरांत आम्ही ‘ऑटिझम’ आणि ‘ऑटिस्टिक’ हेच शब्द ठेवले आहेत.

प्रश्न : आमचं सीएनसी वर्कशॉप आहे, चोवीस माणसं. तपासणीला २५ वर्षांचा एक मुलगा घेतला आहे, ऑटिझमचं निदान लहानपणीच झालेलं. कामात चोख, पण डिस्पॅचवाल्यांशी त्याचा रोज वाद होतो. वर्षानुवर्षं जाणारे पीस तो रिजेक्टच्या ट्रेमध्ये टाकतो. समजावलं की म्हणतो, ‘ड्रॉइंगमध्ये असं नाही.’ (भोसरी)

उत्तर : आधी ड्रॉइंग काढून बघा, कारण अशा भांडणात बरेचदा तपासणाराच बरोबर निघतो. ड्रॉइंगवर २५ ± ०.०२ मिमी असेल आणि पीस २५.०३ चा आला, तर कागदाप्रमाणे तो नापास. ‘या पार्टीला एवढं चालतंय’ हा तुमच्या शॉपचा दुसरा नियम आहे, पण तो राहतो फोरमनच्या डोक्यात. बाकीच्यांनी तो चहाच्या टपरीवर, कुणाच्या मान हलवण्यावरून उचलला. तुमच्या तपासनिसापर्यंत तो कधी पोचलाच नाही.

म्हणून सवलत कागदावर आणा. अर्ध्या पानाची डेव्हिएशन स्लिप पुरे : पार्ट नंबर, कोणतं माप, कुठपर्यंत चालेल, किती नगांसाठी, कोणत्या तारखेपर्यंत, मंजूर करणाऱ्याची सही. ती त्याच्या टेबलावर लावली की तो तेच पीस बिनबोभाट पास करेल. अर्थात, त्या स्लिपमागे ग्राहकाची मंजुरी हवी. ती नसेल, तर हा मुलगा तुम्हाला एक दिवस परत येणाऱ्या लॉटपासून वाचवतोय.

दुसरं, मोजायला काय दिलंय? साध्या व्हर्नियरचं लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सर्वांत लहान माप, ०.०२ असतं. एकूण टॉलरन्सच (चालणारा फरक) ०.०४ असेल तिथे ते पुरत नाही. एकच पीस दोघांनी मोजला की दोन आकडे येतात आणि वाद पेटतो. ०.००१ वाचणारा डिजिटल मायक्रोमीटर द्या. नग हजारोंनी असतील तर गो-नो गो गेज करून घ्या; पीस बसतो की नाही एवढंच ते सांगतं, त्यात मताला जागाच राहत नाही. ओरखडा, बर (कडेला राहिलेला धातूचा कंगोरा), डाग यांना आकडा नसतो. तिथे ‘फार असेल तर काढ’ असं सांगू नका. तीन चालणारे नमुने, तीन न चालणारे आणि एक अगदी काठावरचा, असे सात पीस टॅग लावून, सही करून पेटीत ठेवा.

तिसरा एक ट्रे ठेवा, पिवळा : ‘निर्णय बाकी’. क्वालिटी इनचार्जने दुपारी १२ आणि ४ वाजता त्यातले पीस बघून निर्णय द्यायचा, आणि तोवर डिस्पॅचने त्या ट्रेला हात लावायचा नाही. भांडण मुलाच्या अंगावरून उतरून जिथे असायला हवं तिथे, म्हणजे इनचार्जच्या टेबलावर जाईल.

जाता जाता आवाजाचं. एअर गन आणि कंप्रेसरपासून त्याचं टेबल लांब हलवा. कानावर मफ देणार असाल तर धोक्याच्या भोंग्यासोबत फिरता दिवाही लावा, नाहीतर भोंगा त्याला ऐकूच येणार नाही. खंडेनवमीच्या पूजेला किती वाजता मशीन बंद होणार, किती माणसं येणार, हे आदल्या दिवशी सांगा. उदबत्तीच्या धुरात शेवटपर्यंत उभं राहायची सक्ती नको.

प्रश्न : आमच्या सीए ऑफिसात बी.कॉम. झालेली एक ऑटिस्टिक मुलगी आठ महिन्यांपासून आहे. आकडे तिचे चुकत नाहीत. पण सांगितलेलं काम एक तर अर्धवट येतं, नाहीतर ती तीन-तीन दिवस त्यातच अडकते. मध्ये काही विचारतही नाही. (नाशिक)

उत्तर : तुम्ही कामं कोणत्या शब्दांत सांगता, ते एक दिवस लिहून काढा. ‘ते स्टेटमेंट जरा बघून घे.’ ‘वेळ मिळाला की जीएसटीचंही एकदा पाहून टाक.’ ‘शक्य झालं तर आज.’ आपली ऑफिसची मराठी अशी मऊ आहे. ऐकणारा मग साहेबांचा सूर, महिन्याची तारीख, जीएसटीच्या थ्रीबी रिटर्नची २० तारीख असं सगळं जमेला धरून अर्थ लावतो. तुम्ही ‘बघून घे’ म्हणालात आणि तिने स्टेटमेंट खरोखरच बघून घेतलं. ते लेजरशी जुळवायचं होतं, हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं.

तेच काम असं लिहून पाठवा : ‘एप्रिल ते जूनची बँक स्टेटमेंट टॅलीतल्या लेजरशी जुळव. न जुळणाऱ्या नोंदी एका एक्सेल शीटमध्ये : तारीख, रक्कम, कारण. ५०० रुपयांखालच्या फरकाचं कारण १० मिनिटांत सापडलं नाही तर “कारण मिळालं नाही” लिहून पुढे जा. गुरुवारी दुपारी ४ पर्यंत मला ईमेल.’ सोबत आधीच्या तिमाहीची पूर्ण झालेली शीट जोडा. लिहायला तुम्हाला चार मिनिटं लागतील.

यातलं १० मिनिटांचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. काम कुठे थांबतं हे सांगितलं नाही, तर नेमकेपणालाही अंत राहत नाही. ४० रुपयांच्या फरकामागे दोन दिवस जातात ते त्यामुळे. विचारत नाही, कारण विचारण्याचेही छुपे नियम असतात : साहेब फोनवर नसताना, पण फार उशीर न करता, पण सारखं नाही. रोज ११.३० आणि ४.३० ला दहा मिनिटं तिच्यासाठी ठरवून टाका, आणि ‘१५ मिनिटं अडकलीस तर प्रश्न यादीत लिही आणि पुढचं काम घे’ हा नियम द्या. मध्येच तातडीचं काम आलं तर हातातलं कोणतं बाजूला ठेवायचं, तेही तुम्हीच सांगा. आणि कामं एकाच वाटेने येऊ द्यात. ईमेल, व्हॉट्सॲप आणि केबिनमधून मारलेली हाक या तिन्हींची बेरीज तिने करायची, असं नको.

चूक सांगताना ‘छानच झालंय, फक्त...’ अशी सुरुवात केली की पुष्कळदा ‘छान’ एवढंच पोचतं. ‘नोंद १४ ची तारीख चुकली आहे, बाकी बरोबर’ हे पुरेसं सौम्य आहे.

प्रश्न : मी ३६ वर्षांची, सॉफ्टवेअर क्षेत्रात. ऑनलाइन प्रश्नावलीत माझे गुण खूप आले. रीतसर निदान करून घ्यावं का? आणि ऑफिसात सांगावं का? (पुणे)

उत्तर : तुम्ही सोडवलीत ती बहुधा ५० प्रश्नांची एक्यू (ऑटिझम-स्पेक्ट्रम कोशंट) असावी, जिच्यात ३२ किंवा त्याहून जास्त गुण आले की पुढे तपासा असं म्हणतात. ती चाळणी आहे, निदान नाही. चिंताविकार किंवा एडीएचडीनेही (लक्ष टिकवण्याची अडचण, अतिचंचलता) गुण वाढू शकतात, आणि हे दोन्ही ऑटिझमसोबतही असू शकतात. निदान मनोविकारतज्ज्ञ किंवा आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. भेट ठरवण्याआधी फोनवरच विचारा : ‘प्रौढांचं निदान करता का?’ अनेकांचा अनुभव फक्त मुलांचा असतो. जाताना आई-वडिलांकडून किंवा मावशी-आत्याकडून पहिल्या पाच वर्षांच्या आठवणी लिहून न्या, शाळेची प्रगतिपुस्तकं न्या. शेऱ्यांच्या रकान्यात बरंच काही सापडतं.

बायकांचं निदान उशिरा होण्याचं एक मोठं कारण मास्किंग, म्हणजे आपलं वेगळेपण झाकणं. हसायचं कधी, नजर किती वेळ ठेवायची, हे पाहून-पाहून शिकलेलं असतं. म्हणून ‘मला जमतं’ एवढंच सांगू नका, त्याची किंमत काय पडते ते सांगा : मीटिंगआधी किती वेळ वाक्यं जुळवता, घरी आल्यावर किती तास बोलवत नाही. ‘तुम्ही तर नजरेला नजर देऊन बोलता, मग ऑटिझम कसा?’ असं कोणी पहिल्या दहा मिनिटांत म्हटलं, तर दुसरे तज्ज्ञ शोधा.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ही वेगळी पायरी. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा. तपासणी सरकारी रुग्णालयातलं मंडळ करतं. ऑटिझमसाठी इसा ही भारतीय मोजपट्टी वापरतात : ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण ४० ते २००. ७० च्या खाली असेल तर ऑटिझम धरत नाहीत, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र. ७० गुणांना ४० टक्के धरतात, आणि आरक्षणासाठी किमान ४० टक्केच लागतात. अडचण अशी की ही पट्टी मुख्यतः बाहेरून दिसणाऱ्या वागण्यावर बेतलेली आहे. मास्किंग करणाऱ्या प्रौढ व्यक्तीला निदान मिळतं, प्रमाणपत्र मिळत नाही, असं घडू शकतं.

ऑफिसात लेबलाआधी गरज मागा. ‘मोकळ्या हॉलमध्ये मला बोलणं वेगळं करून ऐकता येत नाही. कोपऱ्यातली जागा, हेडफोन आणि मीटिंगचे मुद्दे आदल्या संध्याकाळी मिळाले तर काम वेळेत होईल.’ एवढ्याला निदानाचा कागद लागत नाही, आणि समजूतदार मॅनेजर तिथेच हो म्हणतो. तो नाही म्हणाला, तरच एचआरला निदानासह लिहा, आणि त्याच पत्रात ही माहिती कोणाकोणाला कळणार ते लेखी विचारा. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही. बढतीच्या तोंडावर किंवा भांडणाच्या भरात सांगू नका, हे आमचं स्पष्ट मत.

प्रश्न : आमच्या खासगी कंपनीत ६० कर्मचारी आहेत. ऑटिस्टिक उमेदवार घ्यायचे आहेत. कायद्याने काय बंधनकारक आहे आणि मुलाखतीत काय बदलावं? (ठाणे, एचआर)

उत्तर : दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, लागू १९ एप्रिल २०१७ पासून. त्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. सरकारी नोकऱ्यांतलं ४ टक्के आरक्षण खासगी कंपन्यांना लागू नाही (त्यातही ऑटिझमच्या वाट्याला शेवटचा १ टक्का येतो, तोही बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांच्यासोबत वाटून). पण कलम २१ प्रमाणे समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेने जाहीर करायचं आहे. २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्यात योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत, सोयी आणि संपर्क अधिकारी हे सगळं हवं. धोरणाची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे. कायद्याचा भंग झाला तर पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत, पुढे ५० हजार ते ५ लाख दंड. वाजवी सोय नाकारणं हाही कायद्याच्या व्याख्येत भेदभावच. आणि सोय मागायला ४० टक्क्यांचा दाखला हवाच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ ला परीक्षेतल्या लेखनिकाच्या संदर्भात स्पष्ट केलं आहे.

मुलाखत मात्र मुळापासून बदलावी लागेल. नेहमीची मुलाखत काय मोजते? अनोळखी खोलीत अनोळखी माणसांसमोर स्वतःबद्दल चटपटीत बोलता येतं का, हे. पद डेटा तपासणीचं असेल तर त्याच्याशी याचा काय संबंध? ‘तुमच्याबद्दल सांगा’ हा प्रश्न तर काढूनच टाका. त्याला जन्मगावापासून सुरुवात करायची की शेवटच्या नोकरीपासून, हे कोणी सांगत नाही. ‘समजा ग्राहक चिडला तर’ यापेक्षा ‘मागच्या कामात तक्रार आली तेव्हा तुम्ही काय केलं, क्रमाने सांगा’ हे विचारा.

प्रश्न दोन दिवस आधी ईमेलने पाठवा. सोबत खोलीचा पत्ता, मजला, समोर कोण बसणार त्यांची नावं, किती मिनिटं लागतील. पॅनेलवर दोघे पुरेत. उत्तराआधी दहा सेकंद शांतता गेली तर प्रश्न बदलून विचारू नका; तसं केलं की आधीचा विचार मोडतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मूल्यमापनाच्या फॉर्ममधून ‘आय कॉन्टॅक्ट’ आणि ‘आत्मविश्वास’ हे रकाने खोडा. शक्य असेल तिथे मुलाखतीऐवजी दोन तासांचं खरं काम द्या, त्याचे पैसेही द्या. हे सगळे बदल सर्वच उमेदवारांसाठी केले तरी बिघडत काहीच नाही.

एक धोका. एसएपी या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ पासून ‘ऑटिझम ॲट वर्क’ उपक्रम चालवला आणि त्यातून ऑटिस्टिक म्हणजे सॉफ्टवेअर टेस्टिंग असं समीकरण बऱ्याच एचआरच्या डोक्यात बसलं. ग्रंथालय, बेकरी, रोपवाटिका, भाषांतर, लेखा, संशोधन, सगळीकडे हे लोक आहेत. आधी माणसाची आवड विचारा, मग पद बघा.

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो. एका पॅकिंग युनिटने घ्यायची तयारी दाखवली आहे. सुरुवात कशी करावी? प्रवास लोकलचा. (डोंबिवली)

उत्तर : ताई, पहिले दोन आठवडे रोज दोनच तास, जॉब कोचसोबत (जागेवर सोबत राहून काम शिकवणारा). तो कोच तुम्ही नसलेला बरा. तुमच्यासमोर तो मुलगा असतो, कामगार नाही. संस्थेचा प्रशिक्षक किंवा युनिटमधलीच एखादी शांत व्यक्ती चालेल. युनिटमध्ये जाऊन काम तुकड्यांत मोडा : खोका उघडणं, तळाला टेप, खाचांच्या ट्रेमध्ये १२ बाटल्या, ट्रे खोक्यात, वर टेप, शिक्का. खाचा १२ च असल्या की मोजावं लागत नाही. प्रत्येक पायरीचा फोटो टेबलावर चिकटवा. तोंडी सूचना कमीत कमी, नाहीतर तो पुढच्या हाकेची वाट बघत थांबायला शिकतो. कोचने आधी एक पाऊल मागे, मग खोलीच्या दारात, मग तासाला एक फेरी, असं सरकायचं. घाई केली की चुका वाढतात. उशीर केला की कोचशिवाय काम होतच नाही.

प्रवास उलट्या क्रमाने शिकवा. आधी फक्त शेवटचा टप्पा एकट्याने, म्हणजे स्टेशनबाहेरून युनिटपर्यंत, तुम्ही वीस पावलं मागे. तो पक्का झाला की उतरण्याचं स्टेशन, मग गाडी, शेवटी घर ते डोंबिवली स्टेशन. सकाळी आठच्या गर्दीत सराव नको. युनिटकडून ११ ते ५ ची वेळ मागून घ्या. लोकलमध्ये दिव्यांगांसाठीचा डबा धरा, पण त्याचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र) आणि पास नेहमी एकाच खिशात. आणि बिघाडाचं कार्ड : ‘गाडी आली नाही तर इथेच बाकावर बसायचं. आईला फोन.’ मेगाब्लॉकच्या रविवारी मुद्दाम जाऊन ते वापरून बघा, खऱ्या गोंधळाच्या दिवशी पहिल्यांदा नको.

पैशांचं आधीच ठरवा. तीन महिने विद्यावेतन समजू शकतं, पण ते वर्षानुवर्षं चालू राहतं आणि त्यालाच ‘संधी’ म्हणतात. किती नग झाले की किती वेतन, आणि किमान वेतन कधीपासून, हे लेखी घ्या. पगार त्याच्याच खात्यात. वय १८ झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्याला करार समजत नसेल तर राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत १ लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो.

प्रश्न : आमचा सहकारी मीटिंगमध्ये साहेबांना तोंडावर ‘हा आकडा चुकीचा आहे’ म्हणतो. ऑटिझममुळे त्याला भावना कळत नाहीत का? (कोल्हापूर)

उत्तर : आकडा चुकीचा होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही! भावना नसतात हा जुना गैरसमज. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकाने २०१२ मध्ये मुद्दा मांडला की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. २०२० मध्ये एडिनबर्गच्या अभ्यासात आठ-आठ जणांच्या साखळीत एक गोष्ट कानोकानी पुढे पाठवली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती सर्वसाधारण माणसांच्या साखळीइतकीच टिकली. गळती झाली ती मिश्र साखळीत. तुमच्या सहकाऱ्याला बाजूला घेऊन नियम सांगा : ‘आकड्याची चूक मीटिंगआधी ईमेलने, मीटिंगमध्ये फक्त पैसे किंवा मुदत बुडत असेल तरच.’ आणि साहेबांनाही सांगा की यात अपमान नव्हता.

प्रश्न : ऑफिसात एका ऑटिस्टिक सहकाऱ्याचा अचानक तोल गेला, रडणं-ओरडणं झालं. आम्ही दहाजण जमलो, पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. आणखीच बिघडलं. काय चुकलं? (मुंबई)

उत्तर : जमलात ते, आणि हात ठेवलात ते. याला मेल्टडाउन म्हणतात. आवाज, उजेड, अचानक बदल यांचा भार सोसण्यापलीकडे गेला की हे होतं. लक्ष वेधण्यासाठी कोणी करत नाही. त्या वेळी प्रत्येक प्रश्न, प्रत्येक ‘काय झालं, काय झालं’ हा आणखी एक आवाज असतो. एकानेच जवळ थांबा, तेही दोन हात अंतरावर. बाकीच्यांना बाहेर पाठवा, ट्यूबलाइट आणि स्क्रीन बंद करा, बोलायचंच तर एकदाच : ‘मी इथे आहे. घाई नाही.’ दार अडवू नका. काही जण उलट गप्प होतात, बोलताच येत नाही. तेव्हा कागद-पेन पुढे सरकवा. वीस मिनिटं लागतील किंवा दोन तास. इजा झाली असेल किंवा शुद्ध हरपली असेल तरच डॉक्टर.

त्या दिवशी चर्चा नको, माफी मागायला लावणं तर नकोच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांना लेखी विचारा : आधीच्या तासाभरात काय बदललं होतं, पुढच्या वेळी कोणी जवळ थांबावं, कोणती खोली. बहुतेकदा उत्तरात एखादी साधी गोष्ट निघते : जागा न सांगता बदलली होती, शेजारी ड्रिलचं काम चालू होतं, किंवा वाढदिवसाच्या केकला सगळ्यांनी एकदम फुगे फोडले होते.